महामारीतील शेतीमदत : अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीत निधी कोणत्या निकषांवर पोहोचला?

एप्रिल २०२० मध्ये शाळा आणि उपाहारगृहे बंद झाल्याने दुधाची मागणी आटली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील अनेक दुग्धोत्पादकांना दूध अक्षरशः ओतून द्यावे लागले. त्याच सुमारास आयोवा आणि आसपासच्या राज्यांत कामगारांना संसर्ग झाल्याने मांसप्रक्रिया कारखाने बंद पडले आणि विक्रीयोग्य डुकरे वराहपालन केंद्रांतच अडकून पडली.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या कृषी विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यापैकी १६ अब्ज डॉलर शेतकऱ्यांना थेट साहाय्यासाठी, तर उर्वरित ३ अब्ज डॉलर शेतमाल खरेदी करून गरजूंना वाटण्यासाठी होते. थेट साहाय्यासाठी २६ मेपासून ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या काउंटी कार्यालयांत अर्ज स्वीकारण्यास सुरुवात झाली. काउंटी म्हणजे राज्यांतर्गत प्रशासकीय विभाग, साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा.

रक्कम कशी ठरली?

मदतीचा आधार शेतकऱ्याची गरज हा नव्हता, तर त्याच्याकडील मालाचे प्रमाण हा होता. उदाहरणार्थ, १५ जानेवारी ते १५ एप्रिल २०२० या काळात विकलेल्या, मांसासाठी पोसून तयार केलेल्या प्रत्येक जनावरामागे २१४ डॉलर देय होते. २० जनावरे विकणाऱ्याला ४,२८० डॉलर, तर १,००० जनावरे विकणाऱ्याला २ लाख १४ हजार डॉलर, असा हा हिशेब होता. प्रतिव्यक्ती कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर होती. मात्र कंपनी स्वरूपातील शेतीला, तीन भागधारक प्रत्यक्ष काम वा व्यवस्थापन करीत असल्यास, साडेसात लाख डॉलरपर्यंत मुभा होती.

सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात धान्यपिकांसाठी लागवडीखालील क्षेत्र आणि फळे-भाजीपाल्यासाठी २०१९ मधील विक्री विचारात घेण्यात आली. निकष बदलले, तरी मोठ्या उत्पादकाला मोठी रक्कम हे सूत्र कायम राहिले.

कोण वगळले गेले?

इतर योजना धरून २०२० मध्ये अमेरिकी शेतीला मिळालेले थेट सरकारी साहाय्य ४५ अब्ज डॉलरहून अधिक होते. तरीही कंपन्यांसाठी करारावर कोंबड्या आणि डुकरे पाळणारे शेतकरी सुरुवातीला अपात्र ठरले. शेड त्यांचे, कर्ज त्यांचे आणि श्रमही त्यांचेच. परंतु पशुपक्ष्यांची मालकी कंपनीकडे होती. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० च्या कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली.

भारताचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-किसान’ योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांना देण्याची घोषणा केली. येथे रक्कम सर्वांना सारखी होती, त्यामुळे लहान-मोठा भेद उरला नाही. मात्र योजना जमीनधारकांपुरती असल्याने स्वतःच्या नावे जमीन नसलेला कूळ किंवा बटाईदार शेतकरी तिच्या कक्षेबाहेर राहिला.

दोन्ही देशांची पद्धत भिन्न असली, तरी एक बाब समान दिसते. संकटात साहाय्य त्वरेने पोहोचवायचे, तर शासन हाताशी असलेल्या नोंदींचा आधार घेते. आणि नोंदीत मालकाचे नाव असते, राबणाऱ्याचे असतेच असे नाही.