छोटी विजेवरची गाडी : आश्वासनाचे गणित

मार्च २०२३ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात फोक्सवॅगन कंपनीने एका छोट्या विजेवरच्या गाडीचा नमुना लोकांपुढे ठेवला. गाडी हॅचबॅक प्रकारची, म्हणजे मागचा दरवाजा काचेसकट वर उचलला जाणारी आणि सुमारे चार मीटर लांबीची. नाव होते ‘आयडी टू ऑल’. त्या दिवशी तीन आश्वासने दिली गेली : किंमत २५,००० युरोपेक्षा कमी, एका चार्जिंगमध्ये ४५० किलोमीटरपर्यंत पल्ला आणि १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चार्जिंग सुमारे २० मिनिटांत. सप्टेंबर २०२५ मध्ये या गाडीला ‘आयडी पोलो’ हे नाव मिळाले आणि २०२६ मध्ये ती युरोपच्या बाजारात येईल असे जाहीर झाले. पोलो हे नाव आपल्यालाही ओळखीचे आहे. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात सुमारे बारा वर्षे, २०२२ पर्यंत, पेट्रोल व डिझेलवरची पोलो तयार होत होती.

महागड्या विजेच्या गाड्या रस्त्यावर बऱ्याच आल्या, पण सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीची युरोपातले ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. असे का व्हावे? आणि ४५० किलोमीटर या आकड्यावर किती विश्वास ठेवावा? आपल्याकडेही अशा जाहिराती रोज दिसतात, आणि आयुष्यातली मोठी खरेदी त्यांच्या भरवशावर केली जाते. आमच्या मते या प्रश्नांची उत्तरे मिळवायला शालेय पदार्थविज्ञान पुरेसे आहे. तेच येथे करून पाहू या.

टाकीत किती, बॅटरीत किती?

वीजबिलात आपण ज्याला ‘युनिट’ म्हणतो ते म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल ऊर्जा. या लेखात आपण हेच एकक वापरू.

एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे ९ युनिट ऊर्जा मिळते. छोट्या गाडीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावते, म्हणजे ३६० युनिट. या पेट्रोलचे वजन सुमारे ३० किलो. आता बॅटरीकडे पाहा. आयडी पोलोसाठी दोन बॅटऱ्या जाहीर झाल्या : एक ३७ युनिटची, दुसरी ५२ युनिटची. मोठ्या बॅटरीतली ऊर्जा पावणेसहा लिटर पेट्रोलइतकीच भरते. आणि वजन? आवरण, थंड ठेवणारी यंत्रणा वगैरे धरून बॅटरीच्या एका किलोत साधारण ०.१५ युनिट साठते असे मानले, तर ५२ युनिटसाठी जवळजवळ ३५० किलो.

मग पावणेसहा लिटर पेट्रोलएवढ्या ऊर्जेवर ४५० किलोमीटर कसे जाता येईल? याचे कारण कार्यक्षमता. पेट्रोल इंजिन मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. बाकीची उष्णता होऊन धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. विद्युत मोटर आणि तिची नियंत्रक यंत्रणा मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांना देतात. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवण्याचा, गिअर बदलण्याचा अपव्ययही नाही.

ऊर्जा लागते कशाला?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन बलांवर मात करावी लागते. पहिले टायरचे. टायर दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा खर्ची पडते. हे बल गाडीच्या वजनाच्या सुमारे एक टक्का असते. माणसांसह गाडीचे वस्तुमान १६०० किलो धरले आणि गुरुत्व त्वरण १० घेतले, तर वजन १६,००० न्यूटन आणि टायरचा रोध १६० न्यूटन. वेग वाढला तरी हा रोध फारसा बदलत नाही.

दुसरा हवेचा रोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा आकाराच्या गाडीसाठी वेगाचा वर्ग गुणिले ०.४ एवढे न्यूटन बल, हा अंदाज ठीक आहे. वेग मात्र मीटर प्रति सेकंद या एककात घ्यायचा.

आता दोन वेग घेऊ. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. हवेचा रोध ९० न्यूटन, एकूण २५० न्यूटन. वेग दुप्पट केला, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, तर हवेचा रोध चौपट, ३६० न्यूटन, आणि एकूण ५२० न्यूटन.

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. १०० किलोमीटरसाठी पहिल्या वेगाने अडीच कोटी ज्यूल, म्हणजे जवळजवळ ७ युनिट लागतात. दुसऱ्या वेगाने सव्वापाच कोटींच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेचौदा युनिट. मोटरची ८५ टक्के कार्यक्षमता धरली, तर बॅटरीतून अनुक्रमे सुमारे ८ आणि १७ युनिट काढावे लागतील. म्हणजे तीच ५२ युनिटची बॅटरी संथ वेगात ६०० किलोमीटरहून अधिक चालेल आणि महामार्गावरच्या वेगात ३०० किलोमीटरच्या आसपास संपेल!

शहरात आणखी एक खर्च असतो, थांबण्याचा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या गाडीची गतिज ऊर्जा १ लाख ८० हजार ज्यूल, म्हणजे ०.०५ युनिट. दर किलोमीटरला एकदा थांबावे लागले, तर १०० किलोमीटरमध्ये ५ युनिट गेले. पेट्रोलच्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटर जनित्र म्हणून काम करते आणि यातला बराच भाग बॅटरीला परत मिळतो. म्हणूनच गर्दीच्या शहरात या गाडीचा लाभ सर्वांत जास्त दिसतो.

मात्र वातानुकूलन यंत्र तासाला एक युनिट घेत असेल आणि गर्दीत ताशी २० किलोमीटरनेच जाता येत असेल, तर १०० किलोमीटरला पाच तास आणि पाच युनिट लागतील. जर्मनीच्या हिवाळ्यात हाच प्रश्न गाडी गरम ठेवण्याचा असतो. पेट्रोल इंजिनची वाया जाणारी उष्णता तेथे आयती उपयोगी पडते; विजेच्या गाडीला ती बॅटरीतून काढावी लागते.

४५० किलोमीटर आले कोठून?

५२ युनिटला ४५० किलोमीटर म्हणजे १०० किलोमीटरला साडेअकरा युनिट. आपल्या ८ आणि १७ या आकड्यांच्या मधोमध! आकडा खोटा नाही. तो एका ठरावीक चाचणीतला आहे. युरोपातली चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, २३ अंश सेल्सिअस तापमानाला होते. तिचा सरासरी वेग ताशी सुमारे ४६ किलोमीटर असतो, थोडा वेळ वेग १३० पर्यंत जातो आणि वातानुकूलन बंद असते.

भारतातली चाचणी याहून सौम्य असते. तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा टियागो ही हॅचबॅक विजेवर आली, तेव्हा तिच्या २४ युनिटच्या बॅटरीसाठी ३१५ किलोमीटर पल्ला सांगितला गेला. भागाकार केला तर १०० किलोमीटरला सुमारे ७.६ युनिट येतात. यावरून टियागो आयडी पोलोपेक्षा दीडपट काटकसरी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दोन वेगळ्या परीक्षांतले गुण एकमेकांशी ताडून पाहू नयेत, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नकोच.

किंमत का उतरत नव्हती?

छोटी विजेची गाडी ही कल्पना नवी नाही. २००१ मध्ये बंगळुरूच्या ‘रेवा’ गाडीने ती भारतातच प्रत्यक्षात आणली. तिच्यात शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या आणि पल्ला सुमारे ८० किलोमीटर. डिसेंबर २०१० मध्ये जपानच्या निसान कंपनीची ‘लीफ’ आली. तिची लिथियम-आयन बॅटरी २४ युनिटची होती आणि अमेरिकेच्या चाचणीत पल्ला ११७ किलोमीटर ठरला.

त्या सुमारास लिथियम-आयन बॅटरीचा जागतिक सरासरी दर एका युनिटला हजार डॉलरपेक्षा जास्त होता. त्या दराने ५२ युनिटची बॅटरीच ५२,००० डॉलरची झाली असती. २०२४ मध्ये सरासरी दर ११५ डॉलरपर्यंत उतरला, म्हणजे तीच बॅटरी सुमारे ६,००० डॉलरची. दहा पटींनी मोठ्या नव्हे, तर पाचपट किमतीच्या गाडीतही बॅटरी फार तर दुप्पट असते. त्यामुळे महाग गाडीत बॅटरीचा खर्च खपून जातो, स्वस्त गाडीत तो डोळ्यांत भरतो. कंपन्या आधी मोठ्या गाड्या का काढत राहिल्या, याचे हे साधे गणित आहे.

या उतरत्या दरात एका संयुगाचा वाटा मोठा आहे : लिथियम लोह फॉस्फेट. १९९७ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी ते बॅटरीच्या धन बाजूसाठी वापरता येते हे दाखवले. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या संयुगात निकेल आणि कोबाल्ट हे महाग धातू नाहीत. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून बॅटरी तापली तरी तो सहज सुटत नाही आणि आगीचा धोका कमी होतो. उणीव दोन : हे द्रव्य विजेचे मंद वाहक आहे आणि किलोमागे ऊर्जा कमी साठवते. पहिलीवर उपाय म्हणून त्याचे कण अतिशय बारीक करून त्यांवर कार्बनचा थर देतात. दुसरी उणीव स्वीकारावी लागते. आयडी पोलोच्या ३७ युनिटच्या बॅटरीत हेच संयुग आहे, ५२ युनिटच्या बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट आहेत.

बॅटरी टिकणार किती, हा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हात काही लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटली. त्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. तापमान वाढले की नको असलेल्या रासायनिक क्रियाही वेगाने होतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गाडी वापरणाऱ्याने पल्ल्याच्या आधी बॅटरी थंड कशी ठेवली जाते ते विचारावे, आणि हमी किती वर्षांची ते पाहावे.

वीस मिनिटे आणि एक रात्र

५२ युनिटच्या ७० टक्के म्हणजे सुमारे ३६ युनिट. ते २० मिनिटांत भरायचे तर शक्ती जवळजवळ ११० किलोवॉट हवी. ७५ वॉटचे जवळजवळ दीड हजार पंखे एकदम चालवण्यासारखे हे आहे. घरातल्या १६ अँपिअरच्या जोडणीतून २३० व्होल्टला फार तर ३.७ किलोवॉट मिळतात. तेथे त्याच कामाला दहा तास लागतील. घरापुढे गाडी उभी करण्याची जागा असलेल्याला ही अडचण नाही, कारण गाडी रात्रभर उभीच असते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूला मात्र स्वस्त गाडीही निरुपयोगी ठरू शकते.

चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंतच का सांगतात? रिकाम्या एसटीत पहिल्या प्रवाशांना जागा चटकन मिळते, नंतरच्यांना ती शोधावी लागते. लिथियमच्या आयनांचेही ग्रॅफाइटच्या थरांमध्ये तसेच होते. बॅटरी भरत आल्यावर घाई केली, तर आयन आत न शिरता पृष्ठभागावर धातूरूपात साचतात आणि बॅटरी खराब होते. म्हणून शेवटचा पाचवा भाग सावकाश भरतात.

धूर कोठे गेला?

विजेच्या गाडीला धुराडे नाही, पण वीज केंद्राला आहे. भारतात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चार्जिंगमधील गळती धरून १०० किलोमीटरला १३ युनिट लागले, तर सुमारे ९ किलो. लिटरला २० किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतरात ५ लिटर जाळते आणि साडेअकरा किलो वायू सोडते. पेट्रोल शुद्ध करण्याचा व वाहून आणण्याचा खर्च त्यात नाही, तसा बॅटरी बनवतानाचा काही टन वायूही पहिल्या आकड्यात नाही. म्हणजे आज फायदा आहे, पण जाहिरातीत दिसतो एवढा नाही. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसा तो वाढेल. जर्मनीत हाच आकडा युनिटमागे सुमारे ०.४ किलो आहे आणि तेथे फायदा आताच मोठा आहे. शहरातल्या रस्त्यावरचा धूर मात्र दोन्हीकडे लगेच कमी होतो.

या हिशेबातून आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. टायरचा रोध वजनावर अवलंबून, हवेचा रोध समोरच्या क्षेत्रफळावर आणि वेगावर अवलंबून. यांपैकी कोणतेही पद मोटर बदलल्याने कमी होत नाही. अडीच टन वजनाच्या, १०० युनिट बॅटरीच्या मोठ्या गाडीत जेवढे लिथियम जाते, तेवढ्यात अशा दोन छोट्या गाड्या तयार होतात आणि त्या चालवायला वीजही कमी लागते. छोट्या हॅचबॅकची वाट पाहण्याजोगी आहे ती स्वस्ताईइतकीच या कारणासाठी.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रातल्या तीन-चार गाड्यांच्या जाहिराती आणायला सांगावे. प्रत्येक गाडीची बॅटरी किती युनिटची, सांगितलेला पल्ला किती आणि चाचणी कोणत्या देशाची, असा तक्ता करून घ्यावा. मग १०० किलोमीटरला लागणारे युनिट काढावेत आणि ताशी ५४ व १०८ किलोमीटरसाठी आपण केलेल्या गणिताशी ते ताडून पाहावेत. ज्या गाडीची बॅटरी किती युनिटची हेच जाहिरातीत सापडत नाही, तिच्यापुढे विद्यार्थ्यांनी प्रश्नचिन्ह काढावे.