सतरंजीचा रंग कां उडतो?

पावसाळा संपून आश्विनाचें ऊन पडूं लागलें, कीं रत्नागिरींतील घरोघर सतरंज्या, जाजमें व गालिचे अंगणांत येतात. लग्नांत मिळालेली सतरंजी फिकट वा डागाळलेली दिसली, म्हणजे आपण रंगाऱ्यास दोष देतों. परंतु प्रत्येक वेळीं तो दोष त्याचा नसतो. रंग जाण्याचीं मुख्य कारणें तीन आहेत, आणि तीं ओळखल्यावांचून केलेला उपाय पुष्कळदां अपायच ठरतो.

पहिलें कारण सूर्यप्रकाश. त्यांतील किरण, विशेषतः डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण, रंगाच्या रेणूंची घडण मोडतात. हवेंतील प्राणवायु व ओलावा त्यांस साहाय्य करितात. हळदीचा रंग उन्हांत लवकर उडतो. नीळ व मंजिष्ठ पुष्कळ टिकतात. १८५६ सालीं पर्किन यानें दगडी कोळशाच्या डांबरांतील द्रव्यापासून जांभळा रंग बनविला, व पुढें कृत्रिम रंगांचा प्रसार झाला. त्यांतही कांहीं पक्के, कांहीं कच्चे आहेत. म्हणून केवळ वनस्पतीचा रंग तेवढा पक्का, हा समज बरोबर नाहीं.

दुसरें कारण धुणें. धाग्यास नीट न बसलेला रंग पाण्याबरोबर सुटतो. शिवाय साबण व सोडा अल्कधर्मी असल्यानें कित्येक रंग पालटतात. हळदीच्या डागास साबण लागतांच तो लाल होतो, हें विद्यार्थ्यांनीं घरीं पाहावें. सोड्यानें लोकर तर दुबळीही होते.

तिसरें कारण दमटपणा. येथें वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्रावरील वाऱ्याबरोबर मीठ येतें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठास पाणी सुटतें, तसेंच धाग्यांतील मीठ ओलावा धरून ठेवितें. मग बुरशी चढून डाग पडतात.

अशी आम्हां कोंकणवासीयांची अडचण दुहेरी आहे: ऊन टाळावें तर बुरशी, ऊन द्यावें तर रंगाची हानि. यास्तव सतरंजी वाऱ्याच्या जागीं सावलींत वाळवावी. गालिच्यास ऊन द्यावयाचें तर उलट्या बाजूस, थोडाच वेळ द्यावें. खिडकीजवळ अंथरलेली सतरंजी मधून मधून फिरवून घालावी. धुण्यापूर्वीं कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानें पुसून पाहावा. फडक्यास रंग लागल्यास ती पाण्यांत बुडवूं नये. पावसाळ्यापूर्वीं पूर्ण वाळवून, गुंडाळून, सुती कापडांत बांधून फळीवर ठेवावी.

उडालेला रंग कोणत्याही धुण्यानें परत येत नाहीं. म्हणून वडील मंडळींच्या या कामास मुलांनींही हात लावावा, हें उत्तम.