उन्हाळी की जंतुसंसर्ग?

एप्रिल-मेमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली की घरोघरी एकच निदान होतं: उन्हाळी लागली. मग धण्याचं पाणी, सब्जा. पाणी कमी पडून लघवी गडद झाली असेल, तर यांनी आराम पडतोही. पण सारखं लघवीला लागतं, होते मात्र थेंबभर, ओटीपोटात कळ येते, लघवी गढूळ किंवा लालसर दिसते, तेव्हा उन्हाला दोष देत बसू नये.

अशा वेळी बहुधा ई. कोलाय हा जिवाणू मूत्राशयात पोहोचलेला असतो. थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला हा जिवाणू एरवी आतड्यात निमूट राहतो. त्याच्या अंगावर अतिसूक्ष्म तंतू असतात. तंतूच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज ही साखर पकडतं आणि लघवीचा लोंढा आला की ही पकड सुटण्याऐवजी आणखी आवळते! काही जिवाणू तर पेशींच्या आत शिरून दडून बसतात. बरा झालेला त्रास पुन्हा उलटतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषांची सुमारे २०. त्यामुळे जिवाणूंना बायकांमध्ये वाट जवळची पडते. मधुमेह, मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट यांनीही धोका वाढतो.

त्यात बाहेर स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच टाळतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ याचसाठी झगडते आहे, आणि तिची मागणी वैद्यकीयदृष्ट्याही रास्त आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्या गटात वर्षाला सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांत ३.२ वेळा.

उपचारात मात्र मनमानी नको. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटताच सोडायच्या, या सवयीने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटोइनचा पाच दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनची एकच पुडी अनेकदा पुरते; निवड डॉक्टरांची. त्रास वारंवार होत असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करावं. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची लक्षणं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदरपणात तर काहीही जाणवत नसताना लघवीत जंतू असू शकतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच तपासणी करून घ्यावी.