पाइप बदला, पण भूकंपाचा पट्टा कापू नका

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे माळवदाचे ओझे झोपेतल्या माणसांवर कोसळले होते. पुढच्या काही वर्षांत जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर गावांत उभ्या राहिलेल्या घरांची डागडुजी व मजबुती झाली.

ती घरे आता तिशीच्या पुढे आहेत. त्या काळी ज्यांनी घरात जस्त चढवलेले लोखंडी, म्हणजे जीआय पाइप घातले, त्यांच्याकडे आज एकच तक्रार ऐकू येते : सकाळची पहिली बादली तांबडी येते आणि टाकी भरलेली असूनही न्हाणीत धार करंगळीएवढीच पडते. पाइप बदलायलाच हवेत. मात्र भूकंपपट्ट्यातल्या घरात हे काम करताना पाण्याचे रसायन आणि भिंतीचे बळ, दोन्ही समजून घ्यावे लागते.

पाइप आतून कसा मरतो?

जस्ताचा थर लोखंडाला नुसता झाकत नाही, तर स्वतः झिजून त्याला वाचवतो. पाण्यात आधी जस्त विरघळते आणि ते संपले की लोखंडाची पाळी येते. सुरुवात होते सांध्यांपासून. पाइपला आटे पाडताना जस्त खरवडले जाते आणि पाइपची जाडीही कमी होते, त्यामुळे गळती बहुधा एल्बो किंवा टी जवळच सुरू होते.

नळाला पाणी एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा येत असेल, तर झीज आणखी वाढते. रिकाम्या पाइपमध्ये ओल आणि हवा दोन्ही असतात, आणि गंजाला एवढेच पुरते. छपरावर सोलर हीटर असेल तर आणखी एक अडचण आहे. साठ अंशांच्या पुढच्या गरम पाण्यात जस्त आणि लोखंड यांचे नाते काही वेळा उलटते. मग जस्ताऐवजी लोखंडच झिजू लागते आणि पाइपला भोके पडतात.

त्यात आपले बोअरचे पाणी जड. बेसॉल्ट खडकातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. असे पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बसते. बंबाच्या आत साचणारा पांढरा थर हाच. पाइपमध्ये गंजाच्या गाठी आणि क्षार मिळून वाट अरुंद करतात. अर्ध्या इंची पाइपची वाट निम्म्यावर आली, तर तेवढ्याच दाबाखाली पाणी निम्मे येत नाही. ते पाचव्या हिश्शापेक्षाही कमी होते. नळापेक्षा तीन मीटर उंच ठेवलेल्या टाकीचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो असतो. एवढा दाब अशा पाइपमधून पाणी रेटू शकत नाही.

क्षाराचा पातळ थर मात्र पाइपचे रक्षणही करतो. पाणी थर धरणारे आहे की थर खाणारे, हे ठरवण्याची रीत अमेरिकी रसायनज्ञ लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडली. तिचा अर्थ कळतो तो पाण्याचा स्रोत बदलल्यावर. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाणी नव्या नदीतून घ्यायला सुरुवात केली, पण गंज रोखणारे रसायन घातले नाही. जुन्या पाइपांतला संरक्षक थर सुटला आणि शिसे घरोघरच्या नळांत उतरले. आपल्याकडच्या घरात बोअर, नळयोजना आणि टँकर असे तीन प्रकारचे पाणी आलटून पालटून एकाच पाइपमधून जाते. जुन्या पाइपमधून कधी लाल तर कधी स्वच्छ पाणी येते, त्यामागे हेही एक कारण असते.

भिंतीत काय दडले आहे?

जीआयच्या जागी आता बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसी घालतात. तो गंजत नाही आणि गरम पाणीही सोसतो. साधा पीव्हीसी थंड पाण्यासाठी चालतो, पण हीटरच्या लाइनला नको. तापल्यावर तो मऊ पडतो.

खरा धोका पाइप लपवण्याच्या हौसेत आहे. प्लंबर कटर लावून भिंतीत खाचा मारतो, पाइप बसवतो आणि वरून प्लास्टर करतो. पण भूकंपानंतरच्या घरात दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग बांधणारा सळईचा काँक्रीट पट्टा असतो. हादरे बसतात तेव्हा भिंती एकमेकींपासून सुटू नयेत, सगळे घर एका पेटीसारखे हलावे, हे काम त्याचे. मजबूत केलेल्या जुन्या दगडी घरांत कुठे प्लास्टरखाली तारेच्या जाळीचा पट्टा असतो, तर कुठे दगडी भिंतीचे दोन पदर जोडणारे काँक्रीटचे तुकडे. खाच मारताना सळई किंवा जाळी तुटली तर पुढच्या भूकंपापर्यंत ते कुणाला कळणारही नाही.

भिंतीतल्या आडव्या खाचेची खोली जाडीच्या एक षष्ठांशाहून जास्त नसावी, असे भारतीय मानक १९०५ सांगते. नऊ इंची भिंतीत म्हणजे दीड इंच. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत तर ब्लॉकचे कवचच पातळ असते, त्यामुळे तिला खाच मारूच नये. कोपऱ्यांवर सर्वांत जास्त ताण येतो, तिथेही हात लावू नये.

मग करायचे काय?

जुने पाइप उकरून काढू नका. त्यांचे तोंड बंद करा आणि ते भिंतीतच राहू द्या. नवे पाइप भिंतीच्या बाहेरून क्लॅम्पवर न्या. आत घ्यायचे तिथे पट्ट्याच्या खालून, कोपऱ्यापासून दूर, ड्रिलने छोटे भोक पाडा. बाहेरच्या सीपीव्हीसीला ऊन लागू नये म्हणून रंग किंवा आवरण द्या. तापमान ४० अंशांनी वाढले की दहा मीटर सीपीव्हीसी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबतो, म्हणून त्याला वळण द्या आणि क्लॅम्प आवळून टाकू नका. टाकीला जोडताना लवचीक तुकडा घाला. एक हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजनाची होते आणि हादऱ्यात वेगळीच डोलते. ती भिंतीच्या वर ठेवा आणि बांधून घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. काही जुन्या घरांत विजेच्या अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. प्लास्टिकचा पाइप आला की ते अर्थिंग संपते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी वायरमनला बोलावून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या.

१९९३ पूर्वी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. पाइप दर पंचवीस-तीस वर्षांनी नवे घालता येतात, पट्टा मात्र घर बांधताना किंवा मजबूत करताना एकदाच पडलेला असतो. कटर सुरू करण्यापूर्वी पट्टा कुठून गेला आहे ते प्लंबरला भिंतीवर खडूने आखून दाखवा, आणि त्या रेषेला हात लावू देऊ नका.