चोखंदळ मांजर आणि आपला खिसा

कणगीभोवती उंदीर वाढले की आपल्याला मांजराची आठवण होते. त्याच्या खाण्याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. रात्रीची शिळी भाकरी दुधात कुस्करायची, वाटी दाराशी सरकवायची, की झाले! मांजर वरचे दूध चाटून घेते आणि भाकरी तशीच ठेवते. मग घरातली आजी म्हणते, "बघा मेलीचे नखरे! माणसांना मिळत नाही अन् हिला चालत नाही."

हे खरोखर नखरे असतात का? आणि चोखंदळ मांजराला फार खर्च न करता काय द्यावे? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

पहिली गोष्ट ही की, मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाबरोबर राहून भाकरीवर निभावतो. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ डोळ्यांना आणि हृदयाला लागतो. माणसाचे आणि बहुतेक कुत्र्यांचे शरीर तो स्वतः तयार करते. मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो खाण्यातूनच मिळावा लागतो. धान्यात, डाळीत, भाजीत तो जवळजवळ नसतो. मांसात आणि मासळीत असतो. टॉरिन मिळाले नाही तर मांजराच्या डोळ्याचा आतला पडदा खराब होतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ साली दाखवून दिले. अशी गेलेली दृष्टी परत येत नाही. त्याच कमतरतेने हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ साली कॅलिफोर्नियात सिद्ध झाले. गाजर किंवा पालेभाजी खाऊन आपण जीवनसत्त्व 'अ' बनवतो. मांजराला तेही जमत नाही.

आता कोणी विचारील, "अहो, आमचे मांजर दहा वर्षे दूध-भाकरीवर जगले, त्याचे काय?" त्याचे उत्तर तुमच्या माळ्यावर आणि परसात आहे. ते मांजर रात्री उंदीर धरीत होते, पाल आणि नाकतोडे खात होते. खरे जेवण तिकडे होते. तुमची दूध-भाकरी हा वरचा फराळ होता. धोका आहे तो तालुक्याच्या गावी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दार लावून ठेवलेल्या मांजराला. त्याला उंदीर दिसत नाही, आणि वाटीत दूध-भाताखेरीज काही पडत नाही. मालकाची माया खूप असते, पण मांजर हळूहळू आंधळे होत असते.

दुधाविषयीही एक गैरसमज आहे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. त्यांना जुलाब होतात. थोडे दूध पचत असेल तर द्यावे, पण ते जेवण समजू नये. पाणी मात्र स्वच्छ आणि कायम ठेवावे.

आता नखऱ्यांकडे वळू. मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे, असे २००५ साली आढळले. बासुंदीच्या पातेल्याशी ते घुटमळते ते साखरेसाठी नव्हे, सायीसाठी! मांजर अन्नाची पारख मुख्यतः नाकाने करते. थंड अन्नाला वास कमी येतो, म्हणून शीतकपाटातली मासळी ते हुंगून सोडून देते. तीच कोमट करून दिली तर बहुधा खाते. ताजा उंदीर काही गार नसतो, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. शिवाय मांजर एका बैठकीत पोटभर जेवणारे नाही. दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाणे हा त्याचा स्वभाव आहे. मोठी थाळी भरून ठेवून अन्न वाया घालवू नये; चार वेळा थोडे द्यावे.

आणखी एक चौकशी करावी. मांजर पिलांना सात घरे हिंडवते असे आपण म्हणतो; ते स्वतःही हिंडते. शेजारच्या घरी माशाचे डोके मिळाले असेल, तर तुमच्या वाटीकडे ते कशाला पाहील?

"भूक लागली की खाईल झक मारत," हा उपाय मात्र करू नका. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. नेहमी नीट खाणारे मांजर एकाएकी खायचे बंद झाले, तर दात, तोंड किंवा पोट दुखत असण्याचा संभव असतो. चोवीस तास वाट पाहावी आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. बोका वारंवार लघवीला बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले, तर तेवढीही वाट पाहू नये.

मग स्वस्तात द्यावे काय? चिकनच्या दुकानात पोटा-कलेजी स्वस्त मिळते, हृदयही मिळते. हृदयात टॉरिन चांगले असते. कलेजी आठवड्यातून एकदोनदाच द्यावी. रोज दिल्यास जीवनसत्त्व 'अ' जादा होऊन हाडांना अपाय होतो. किनाऱ्यालगतच्या गावात तारली, मांदेली अशी लहान मासळी सोयीची पडते. काही मासळीत जीवनसत्त्व 'ब-१' नष्ट करणारा पदार्थ असतो. तो उकळल्याने जातो, म्हणून मासळी शिजवून द्यावी. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी ओतून न देता अन्नावरच घालावे. सुकट किंवा बोंबील खारे असतील तर भिजवून, दोनदा पाणी बदलून द्यावेत. उकडलेले अंडे चांगले, पण त्यात टॉरिन फारसे नसते. कांदा-लसूण घातलेला रस्सा कधीही देऊ नये. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली टोकदार हाडेही काढून टाकावीत.

हिंडत्या मांजराला एवढा आधार पुरतो. कोंडलेल्या मांजराला नुसते घरचे मांस पुरे पडत नाही; हाडावेगळ्या मांसात चुना फार कमी असतो. त्याच्यासाठी पाकिटातला कोरडा खाऊ हा मुख्य आधार ठेवावा. तो मांजरासाठीच केलेला आणि संपूर्ण आहार आहे, असे पाकिटावर छापलेले पाहून घ्यावे. कुत्र्याचा खाऊ स्वस्त पडतो म्हणून तो मांजराला देणे ही खोटी काटकसर होय. ज्या घरात मांस शिजत नाही, तिथेही ही वाट मोकळी आहे; खाऊ ओट्यावर ठेवता येतो.

किंमत पाहताना किलोचा भाव पाहू नका, दिवसाचा खर्च काढा. चार किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक लागतात. १०० ग्रॅम कोरड्या खाऊत ३५० ते ४०० उष्मांक असतात. म्हणजे सुमारे ६० ग्रॅम पुरतो. समजा, एक खाऊ ३०० रुपये किलो आहे आणि रोज ७० ग्रॅम लागतो. खर्च २१ रुपये. दुसरा ४०० रुपये किलो आहे, पण ५० ग्रॅमच पुरतो. खर्च २० रुपये. महाग दिसणारा स्वस्त पडला! आणि मांजराने पाव भाग टाकला, तर स्वस्त खाऊही महाग झाला.

म्हणून मोठी पिशवी घेण्याआधी लहान पाकिटे आणून परीक्षा घ्यावी. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा. दोन सारख्या वाट्यांत दोन प्रकारचे खाऊ सारख्याच वजनाचे ठेवायचे. अर्ध्या तासाने उरलेले तोलायचे. दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदलायच्या, कारण काही मांजरांना एका बाजूची सवय असते. चार दिवसांची नोंद वहीत लिहिली की मुलांना गणित येईल, शास्त्र येईल, आणि मांजराचे मनही कळेल. मग निवडलेला खाऊ एकदम सुरू न करता जुन्यात थोडा थोडा मिसळून आठ-दहा दिवसांत बदल पुरा करावा. वरून चमचाभर कोमट मासळीचे पाणी घातले तर अडून बसलेले मांजरही वाटीशी येते.

शेवटी एक शंका उरते: मांजराला खायला घातले तर ते उंदीर धरील का? चार्ल्स एल्टन या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञाने शेतघरांवरील मांजरांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. आधी घुशी-उंदीर हटवले आणि मांजरांना थोडे खाणे मिळत राहिले, तर ती जागेला धरून राहतात आणि नवे उंदीर शिरू देत नाहीत, असे त्याला आढळले. उपाशी मांजर तुमची कणगी राखीत बसत नाही, अन्न मिळेल तिकडे निघून जाते. तेव्हा वाटीतली भाकरी आज पुन्हा तशीच उरली, तर मांजराला बोल लावू नका. वाटीत काय घातले होते, ते एकदा पाहा.