मुलांच्या हाती घरातलं खरं काम

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. देवरूखला पावसाची झड लागली होती आणि मी तापाने अंथरुणाला खिळले होते. मुलांचे अब्बा कुवेतला, सासूबाई मुंबईला नणंदेकडे. घरात मी, नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मुलगी स्टुलावर चढून उकड्या तांदळाचा डबा काढत होती. तिने पेज शिजवली, पापड भाजला, मला आणून दिलं आणि मग भांडी घासायला बसली. मुलगा ओट्याजवळ उभा होता. "मी काय करू?" असं त्याने तिला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी ती वैतागून म्हणाली, "भाईजान, तू नुसता बाजूला हो."

तो बाजूला झाला. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. त्याला मदत करायची होती, पण मीठ कुठल्या डब्यात असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. गणितात ब्याण्णव गुण मिळवणारा माझा मुलगा आजारी आईला वाटीभर पेज करून देऊ शकत नव्हता.

यात त्याचा दोष नव्हता. तो लहानपणी स्वयंपाकघरात आला की मीच म्हणायची, "राहू दे, तू अभ्यास कर." मुलीला मात्र मी असं कधी म्हटलं नाही. म्हणजे मुलाला मी अपंग केलं आणि त्याच्या वाट्याचं काम मुलीच्या अंगावर टाकलं. बी.एड. झालेली, वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी मी. घरात मात्र हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वर्गात काय दिसतं

वर्गात मात्र ते रोज दिसतं. सातवीच्या मुलांना एकदा किलो-ग्रॅमची उदाहरणं घातली. बहुतेकांनी बरोबर सोडवली. मग मी पिशवीतून आणलेली तांदळाची पुडी एकेकाच्या हातात दिली आणि विचारलं, "वजन किती असेल?" कुणी म्हणालं दोन किलो, कुणी म्हणालं पन्नास ग्रॅम. एका मुलीने पुडी तळहातावर घेतली, जरा वरखाली केली आणि म्हणाली, "टीचर, अर्ध्या किलोला कमी आहे." पुडी साडेचारशे ग्रॅमची होती. ही मुलगी रोज घरात भाताचे तांदूळ काढते. बाकीच्यांना ग्रॅम हा शब्द माहीत होता, तिच्या हाताला ग्रॅम माहीत होता.

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे ठरलेल्या योजनेचा अभ्यासक्रम आखायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, म्हणजे १९६७ मध्ये आपले राष्ट्रपती झाले तेच. हीच योजना पुढे 'नयी तालीम' म्हणून ओळखली गेली. कताई, शेती, सुतारकाम असं एखादं उत्पादक काम मध्यभागी ठेवायचं आणि त्याच्या आधाराने गणित, भाषा, भूगोल शिकवायचा, अशी तिची कल्पना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची सूचना आहे. सूचना चांगलीच आहे, पण दहा दिवसांत हात तयार होत नाही. घराकडे मात्र वर्षाचे सगळे दिवस असतात.

काम लुटुपुटीचं नको

ताप उतरल्यावर मी मुलाला म्हटलं, "आजपासून रात्रीचा भात तुझा." तांदूळ मोजण्यापासून भांडं घासून ठेवण्यापर्यंत सगळं त्याचं. पहिल्या दिवशी भात खाली लागला. दुसऱ्या दिवशी गिचका झाला. तिसऱ्या दिवशी त्यानेच एका वाटीला पाणी किती घातलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त, हे त्याला आठवड्याभरात कळलं. मी काही सांगितलं नव्हतं.

यातून मी एक गोष्ट शिकले. मुलाला काम द्यायचं तर घर ज्याच्यावर अवलंबून आहे असं द्यावं, आणि ते अख्खं द्यावं. "जरा चमचा ढवळ" म्हणजे खेळ. "आजचा भात तुझा" म्हणजे जबाबदारी. भात बिघडला तर सगळे बिघडलेला भात खातील, हे मुलाला माहीत असतं. म्हणून तो लक्ष देतो.

आणि भात बिघडेल त्या दिवशी आपण गप्प बसायचं. हे सर्वांत कठीण. ह. अनस (रजि.) लहान वयात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षं राहिले. 'हे का केलंस', 'ते का केलं नाहीस' असं प्रेषितांनी आपल्याला कधी विचारलं नाही, अशी त्यांची आठवण हदीसमध्ये आली आहे. माझ्या तोंडून दहा मिनिटंही तसं जात नाहीत. पण लागलेला भात मी मुकाट्याने खाल्ला, तेवढं मला जमलं.

अगोटीची शाळा

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे पावसाआधीची अगोट, म्हणजे चार महिन्यांची बेगमी, घरोघर असते. सुकी मासळी, मिरच्या, मसाला, पापड, आमसुलं, लाकूडफाटा. नेमकी ही कामं मे महिन्यात येतात, जेव्हा मुलं सुट्टीत मोबाईल घेऊन बसलेली असतात.

यंदा मेमध्ये आमसुलं मुलांकडे दिली. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची. मिठात सुटलेल्या रसात ती सालं पुन्हा बुडवायची आणि पुन्हा वाळवायची. असं बरेच दिवस चालतं. सालं काळसर आणि मऊ-चिवट झाली की आमसूल तयार. बियांचं कोकमतेल निघतं, ते टाचांच्या भेगांना लावायला. मुलीने वहीत लिहून ठेवलं: रातांबे किती किलो घेतले, आमसुलं किती भरली, मीठ किती लागलं. वजन एवढं कमी का झालं, हा प्रश्न तिने स्वतःच विचारला आणि बाष्पीभवनाचा धडा अंगणातच झाला. एका दुपारी आभाळ भरून आलं. दोघं हाक न मारता धावली आणि सूप, चादरी, परात सगळं आत आणलं. आकाशाकडे बघून काम करायची सवय पुस्तकातून लागत नाही.

फितऱ्याचा तांदूळ

आपल्या घरातली काही गणितं तर इबादतीशीच जोडलेली आहेत. कोकणातली बहुतेक मुस्लिम घरं शाफई मसलकाची. आपल्याकडे फितरा मुख्य धान्यातून, म्हणजे तांदळातून, माणशी एक साअ काढायची रीत आहे. आजच्या मापात साधारण अडीच ते तीन किलो. आपल्या जमातीचे इमाम सांगतील ते वजन धरावं. हनफी घरांत गव्हाचं प्रमाण वेगळं असतं.

हे काम मुलांना द्या. घरात माणसं किती? त्या गुणिले अडीच किलो म्हणजे किती? सात माणसांच्या घरात साडेसतरा किलो. मुलांनीच काटा लावून तांदूळ मोजावा, निवडावा, पिशव्या भरून बांधाव्यात आणि ईदच्या नमाजाआधी हकदारांच्या घरी पोचवाव्यात. आपण खातो त्याच प्रतीचा तांदूळ पिशवीत गेला की नाही, हे मूल स्वतः बघतं आणि न विसरता लक्षात ठेवतं. आठवी-नववीतल्या मुलांना जकातीचा हिशेबही दाखवावा. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. चाळीस हजारांवर एक हजार.

सिलिंडर आणि विजेचं बिल

दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना गॅसची ओळख हवीच. सिलिंडर घरी आला की त्यांना तो वाचायला लावा. वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. 'बी २८' असेल तर जून २०२८ पर्यंत त्या सिलिंडरची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली असेल तर सिलिंडर परत करावा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन येतं. वजन करून घेताना ही बेरीज मुलाने करावी.

गॅसचा वास आला तर काय करायचं, हे पाठ असावं. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, काडी ओढायची नाही. घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही. हेही समजावून सांगा. कारण समजलं की मूल नियम विसरत नाही.

विजेचंही तसंच. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. साठ वॅटचा जुना बल्ब दहा तास जळला तर ०.६ युनिट, नऊ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ जळला तर ०.०९. मीटरचा आकडा दर रविवारी लिहायचं काम आमच्या मुलीकडे आहे. तेव्हापासून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला मला ओरडावं लागत नाही.

कोणत्या वयात काय

चार ते सहा वर्षांच्या मुलांनी दस्तरखान अंथरावं, ताटं मोजून मांडावीत, रुमालाच्या घड्या कराव्यात, कडधान्यं वेगळी करावीत. सात ते नऊ वर्षांच्यांनी तांदूळ धुवावेत, बटण शिवावं, दुकानाची यादी लिहावी, बाजारातून चार वस्तू आणून उरलेल्या पैशांचा हिशेब द्यावा. दहा ते बारा वर्षांच्यांनी मोठ्यांच्या नजरेखाली चहा, भात, अंडं करावं. आपले कपडे धुवावेत. तेराच्या पुढच्यांना भाकरी, साधं कालवण, इस्त्री, घरखर्चाची वही आणि आजारी माणसाचं पथ्यपाणी जमायला हवं. सुरी, विस्तव आणि उकळतं पाणी याजवळ मोठं माणूस असावंच. परीक्षेच्या दिवसांत काम हलकं करावं. आणि नेमून दिलेल्या कामाला पैसे देऊ नयेत. घर त्याचंही आहे.

ही यादी मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकच आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. "मुलग्याने भांडी घासायची?" असं आमच्याही घरात विचारलं गेलं. प्रेषित (स.) घरात काय करत, असं ह. आयेशा (रजि.) यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजाची वेळ झाली की नमाजाला जात. सासूबाईंना मी ही हदीस वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग नातवाला म्हणाल्या, "नीट घास हो, तळाला राख लाव."

आपल्या कोकणातले किती तरुण नोकरीसाठी आखाताला जातात. माझे यजमान सांगतात, खोलीत सहा-सात जण असतात, स्वयंपाकाच्या पाळ्या असतात. घरून काही शिकून न आलेल्या मुलाचे पहिले महिने घरच्या आठवणीपेक्षा डाळ-भातातच जातात. रात्री आईला फोन लावून "मीठ कधी घालायचं?" असं विचारणारे बाविशीतले मुलगे त्यांनी पाहिले आहेत. ते शिक्षण घरीच, आपल्या समोर झालेलं बरं.

यंदा जुलैमध्ये मला पुन्हा दोन दिवस ताप आला. मुलीची चाचणी परीक्षा होती, ती अभ्यासाला बसली. पेज मुलाने आणली. मीठ जरा जास्त होतं. मी वाटी संपवली आणि म्हटलं, "अजून थोडी आहे का?"