घरची जुनी फियाट : विश्वासाची खरी, पण सुरक्षित किती?

"अगं, तुमच्याकडे अजून ही फियाटच?" भिशीला जमलेल्या मैत्रिणींपैकी एक तरी हे विचारतेच. तुमच्याही दारात सासऱ्यांच्या नाहीतर वडिलांच्या वेळची एखादी प्रीमियर पद्मिनी उभी असेल, तर हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. आमची गाडी १९८६ सालची. मामंजींनी मोठ्या हौसेने घेतलेली. नणंदेची पाठवणी तिच्यातून झाली, आमचं बाळ दवाखान्यातून घरी आलं तेही तिच्यातूनच. त्यामुळे ती विकायचा विषय निघाला, की सासूबाई उठून देवघरात जातात!

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० या नावाने बनू लागलेली ही गाडी १९७४ साली 'पद्मिनी' झाली. मुंबईत तर काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. घरोघरी जपलेल्या गाड्या मात्र अजून धावताहेत. प्रश्न एवढाच, की लेकराबाळांना घेऊन त्यांतून जावं का?

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात या प्रश्नाचं उत्तर आम्हाला जरा महागातच मिळालं. पुण्याहून पाटणमार्गे चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरताना कसलातरी करपल्याचा वास आला. पुढच्याच वळणावर ह्यांनी ब्रेक दाबला, तर पॅडल थेट तळाला! मी पुढे बसलेली आणि सहा वर्षांचा मुलगा माझ्या मांडीवर. ह्यांनी घाईघाईने गिअर खाली आणले, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला मातीवर घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मुलाला दोन्ही हातांनी आवळून धरलेली मी, कितीतरी वेळ हात सोडवेनात.

चिपळूणच्या मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत?" आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. कमी झालं की वरून भरायचं, एवढंच आम्हाला ठाऊक! पावसाळ्यात मीठ जसं हवेतलं पाणी ओढून घेतं, तसंच हे तेलही ओढतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल पोकळ पडतं. तेव्हा दर दोन वर्षांनी हे तेल पूर्ण बदलायचं. आणि जुन्या चालकांचा नियम विसरायचा नाही : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. गाडी विश्वासू असणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. पहिलं आपल्या हातात आहे, दुसरं थोडंच.

विश्वास टिकवायचा तर

दुधाच्या हिशेबासारखी गाडीचीही एक वही ठेवा. कोणतं ऑइल कधी बदललं, प्लग-पॉइंट कधी साफ केले, सगळं तारखेनिशी लिहा. लांब जाण्याआधी रेडिएटरमधलं पाणी आणि फॅनबेल्ट बघा, पण इंजिन गार असतानाच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेऊ नका. उन्हाळ्यात गाडी अचानक बंद पडली, तर पाइपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. गाडी सावलीत लावा, इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि जरा दम धरा.

एक नवी काळजीही आहे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली गॅस्केट त्याने खराब होतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्या. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर "जुनी गाडी, वास यायचाच" म्हणून सोडून देऊ नका. आग लागते ती अशाच वासाकडे दुर्लक्ष केल्याने.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचं वय बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३५१९' म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षं झाली की टायर दाखवून घ्या. तळाचा पत्रा गंजून भोक पडलं असेल आणि सायलेन्सर फुटका असेल, तर विषारी धूर आत येतो. तो वासावरून कळेलच असं नाही. लहान मुलांना बसवण्याआधी हे तपासाच.

सुरक्षिततेचं काय?

आमच्या गाडीला कारखान्यातून पट्टे आलेच नव्हते. आता चौघांना चार बसवले. पण नुसत्या पत्र्याला भोक पाडून पट्टा लावला, तर झटक्यात पत्राच फाटतो. आतून जाड लोखंडी पट्टी वेल्ड करून, जाणत्या माणसाकडूनच हे काम करून घ्या. आणि आयांनो, मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. चाळीसच्या वेगाने गाडी थडकली, तर वीस किलोचं मूल कुठल्याच आईच्या हातात राहत नाही. मूल मागे, आपल्या वेगळ्या जागी, पट्ट्यात.

एवढं करूनही एअरबॅग येत नाही आणि धक्का स्वतःवर घेणारी नव्या गाडीची बांधणीही येत नाही. हे मान्य केलं की पुढचं सोपं होतं. आमची फियाट आता मंडई, शाळा, देऊळ, लग्नकार्य एवढीच करते. एक्सप्रेसवे नाही, रात्रीचा प्रवास नाही, घाट नाही. चिपळूणला आम्ही एसटीने जातो.

कागदपत्रांचंही लक्षात असू द्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. पीयूसी आणि विमा चुकवू नका. पन्नास वर्षांवरची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय २०२१ पासून झाली आहे, पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रोज वापरायची असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

परवा सासूबाईंनी स्वतःच पट्टा लावला आणि म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी हे असतं तर बरं झालं असतं, नाही?" गाडी मामंजींची, पण तिच्यात बसणारी माणसं आपली. तुमच्या दारातल्या फियाटचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? आज संध्याकाळी घरी विचाराच. उत्तर आलं नाही, तर उद्या सकाळी गाडी आधी मिस्त्रीकडे!